कमांड लाइनवरून अँड्रॉइड एम्युलेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी नौपाड्यातल्या एका घराच्या हॉलमध्ये आम्ही आठ-दहा जण लॅपटॉप घेऊन बसतो. कुणी कळव्याहून येतं, कुणी ऐरोलीहून, तर घणसोली-कोपरखैरण्याची मंडळी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरून चालत येतात. सगळे अ‍ॅप बनवायला शिकतायत. काहींना नोकरी आहे, काहींना अजून हवी आहे. बहुतेकांचे लॅपटॉप जुने आहेत. अँड्रॉइड एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा आभासी फोन, कमांड देऊन कसा चालवायचा याबद्दल गेल्या दोन वर्षांत त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केलेत.

लिहिण्याची एक पद्धत आधी सांगतो. कमांड आणि फोल्डरची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, टाइप करताना तीच रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायची. पर्यायांची, म्हणजे कमांडपुढे हायफन लावून जोडायच्या सूचनांची, नावं सगळी लहान अक्षरांत असतात. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर आधी इंग्रजीवर आणा.

अँड्रॉइड स्टुडिओत हिरवं बटण दाबलं की एम्युलेटर सुरू होतो. मग कमांड कशाला शिकायची?

दोन कारणं आहेत. पहिलं कारण मेमरीचं. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ, ब्राउझर आणि एम्युलेटर एकदम उघडले की पंखा घोंघावायला लागतो आणि माऊससुद्धा अडखळतो. टर्मिनलवरून नुसता एम्युलेटर उघडता येतो, त्याला स्टुडिओ चालू असावा लागत नाही. अ‍ॅपची तयार फाइल तपासायची असेल तेव्हा स्टुडिओ बंदच ठेवा.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बटण दाबल्यावर फोन कोणत्या अवस्थेत उघडला, ते आपण ठरवलेलं नसतं. कमांड लिहिली की ते आपण ठरवतो: फोन कोरा की वापरलेला, नेट वेगवान की रडतखडत, मेमरी किती, कॅमेरा कोणता. आज सापडलेली चूक उद्या त्याच अवस्थेत पुन्हा घडवून दाखवता आली, तरच ती दुरुस्त झाली की नाही हे सांगता येतं.

सगळ्यात साधी कमांड कोणती?

आधी आपल्याकडे कोणते आभासी फोन, म्हणजे एव्हीडी, तयार आहेत ते विचारायचं:

एम्युलेटर -लिस्ट-एव्हीडीज

नावांची यादी येते. त्यातलं एक नाव जसंच्या तसं उचलायचं:

एम्युलेटर -एव्हीडी पिक्सेल_६_एपीआय_३३

स्टुडिओत दिसणाऱ्या नावात मोकळी जागा असते, इथे तिच्या जागी अधोरेषा येते. म्हणून नाव आठवून टाइप करू नका, यादीतून कॉपी करा.

पर्यायाच्या आधी एकच हायफन असतो. इतर बऱ्याच प्रोग्रामना दोन लागतात, त्या सवयीने इथे दोन दिले जातात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा वर्डमध्ये पाठवलेली कमांड कॉपी केली, तर वाटेत हायफनची लांब रेघ होते आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, टर्मिनलला मात्र जाणवतो. कमांड एकमेकांना साध्या टेक्स्ट फाइलमधून द्या.

नावाआधी ॲटचं चिन्ह लावलं तरी चालतं असं वाचलं होतं. माझ्याकडे का चालत नाही?

तुम्ही विंडोजच्या पॉवरशेलमध्ये असाल. ॲट-नाव ही आखूड पद्धत खरी आहे, पण पॉवरशेलमध्ये त्या चिन्हाला स्वतःचा वेगळा अर्थ आहे. तो ते नाव व्हेरिएबलचं समजतो आणि एम्युलेटरपर्यंत काहीच पोचत नाही. -एव्हीडी लिहा, ते सगळीकडे चालतं.

‘एम्युलेटर’ ही कमांडच ओळखत नाही म्हणतो.

एम्युलेटर एसडीकेच्या, म्हणजे अ‍ॅप बनवण्याच्या साधनसंचाच्या, आत ‘एम्युलेटर’ नावाच्याच फोल्डरमध्ये असतो. विंडोजवर एसडीके बहुधा तुमच्या यूजर फोल्डरच्या आत ॲपडेटा, लोकल, अँड्रॉइड, एसडीके असं उतरत गेल्यावर सापडतं. मॅकवर लायब्ररी, अँड्रॉइड, एसडीके. लिनक्सवर होम फोल्डरमध्ये अँड्रॉइड, एसडीके. यातलं ‘एम्युलेटर’ फोल्डर पाथमध्ये, म्हणजे टर्मिनल ज्या फोल्डरांत कमांड शोधतो त्या यादीत, घाला. एडीबीसाठी, म्हणजे चालू फोनला लॅपटॉपवरून कमांड देणाऱ्या प्रोग्रामसाठी, शेजारचं ‘प्लॅटफॉर्म-टूल्स’ही घाला. मग टर्मिनल बंद करून नव्याने उघडा, नाहीतर जुन्या खिडकीला बदल कळत नाही.

खूप जुनं एसडीके पुढे रेटत आणलेलं असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. पूर्वी ‘टूल्स’ फोल्डरमध्येही एम्युलेटर नावाची फाइल असे. पाथमध्ये ते फोल्डर आधी आलं तर जुनी फाइल चालते आणि एम्युलेटरचं इंजिन सापडत नाही अशी तक्रार करून थांबते. नेमकी कोणती फाइल चालतेय ते बघायला मॅक आणि लिनक्सवर ‘विच एम्युलेटर’, विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर एम्युलेटर’.

सिस्टीम पाथ तुटलेला आहे, एसडीके रूट तपासा, असा संदेश येतो.

एसडीके एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवलं की हे होतं. ‘अँड्रॉइड_होम’ हे पर्यावरण-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) नव्या जागेकडे वळवा. जुनं ‘अँड्रॉइड_एसडीके_रूट’ शिल्लक असेल तर तेही त्याच जागेकडे न्या किंवा काढून टाका. दोघं दोन दिशांना बोट दाखवत असतील तर गोंधळ संपत नाही.

याच्याच शेजारचा एक प्रकार. विंडोजच्या यूजर फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवलेलं असेल तर एव्हीडी उघडताना अडचणी येतात. स्वतःचं नाव आपल्या लिपीत ठेवल्याची ही शिक्षा मला मान्य नाही, पण तोवर काम अडू नये. सी ड्राइव्हवर साध्या रोमन नावाचं फोल्डर करा आणि ‘अँड्रॉइड_एव्हीडी_होम’ त्याच्याकडे वळवा. मग नवे एव्हीडी तिथे तयार होतात.

एम्युलेटर भयंकर हळू आहे. नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर पैशांचं गणित स्पष्ट दिसतं. म्हणून आधी एक कमांड चालवा:

एम्युलेटर -ॲक्सेल-चेक

प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय, म्हणजे यंत्राच्या आत आभासी यंत्र वेगाने चालवण्याची सोय, एम्युलेटरला मिळतेय की नाही, ते ही सांगते. ती मिळत नसेल तर कितीही महागडं यंत्र असलं तरी आभासी फोन कासवाच्या गतीने चालेल.

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ची ओळ वाचा. ती बंद दिसली तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावी लागते. इंटेलवर तिचं नाव व्हीटी-एक्स किंवा नुसतं व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असं दिसतं, एएमडीवर बहुधा एसव्हीएम मोड. त्यानंतर विंडोज फीचर्सच्या यादीत ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’वर खूण करा आणि यंत्र रीस्टार्ट करा. जुन्या व्हिडिओंत याच कामासाठी हॅक्सम बसवायला सांगतात. त्याच्या मागे लागू नका, इंटेलने त्याचा विकास २०२३ मध्येच थांबवला.

लिनक्सवर हे काम केव्हीएम करतं. तुमचा यूजर केव्हीएम ग्रुपमध्ये नसेल तर परवानगी मिळत नाही. ग्रुपमध्ये नाव घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत या. मॅकवर वेगळं काही बसवावं लागत नाही, पण एम१ किंवा त्यानंतरची चिप असेल तर सिस्टीम इमेज, म्हणजे आभासी फोनमधलं अँड्रॉइड, एआरएम६४ चीच हवी.

एवढं झाल्यावरच बाकीचे पर्याय कामाला येतात. आठ जीबीच्या लॅपटॉपवर मी हे वापरतो:

एम्युलेटर -एव्हीडी पिक्सेल_६_एपीआय_३३ -मेमरी २०४८ -कोअर्स २ -जीपीयू होस्ट -नो-बूट-ॲनिम -नो-ऑडिओ

मेमरीचा आकडा एमबीमध्ये असतो. तो वाढवला की वेग वाढतो असं अनेकांना वाटतं. लहान लॅपटॉपवर उलटंच होतं. आभासी फोनला चार जीबी दिले की मूळ यंत्राकडे काही उरत नाही आणि दोघंही रखडतात. स्क्रीनचं रिझोल्यूशन कमी असलेला फोन निवडला तरी चांगला फरक पडतो. हे सगळं करून आमच्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणांचं जुन्या यंत्रावरच भागलं. नव्या लॅपटॉपचा हप्ता सुरू करण्याआधी एक संध्याकाळ यासाठी द्याच.

-जीपीयूपुढे नेमकं काय लिहायचं?

‘होस्ट’ म्हणजे लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड वापर. वेग हवा तर हेच. खिडकी काळी दिसली, चित्र फाटलं किंवा एम्युलेटर उघडताच कोसळला, तर ‘स्विफ्टशेडर_इनडायरेक्ट’ लिहून बघा. त्यात चित्र काढण्याचं काम प्रोसेसर करतो, म्हणून संथ, पण ग्राफिक्स ड्रायव्हरच्या भानगडी टळतात. काहीच लिहिलं नाही तर एव्हीडीच्या सेटिंगप्रमाणे चालतं.

-नो-स्नॅपशॉट, -नो-स्नॅपशॉट-लोड, -नो-स्नॅपशॉट-सेव्ह आणि -वाइप-डेटा यांत फरक काय?

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

एम्युलेटर बंद करताना तो फोनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतो. म्हणून तो काही सेकंदांत उघडतो. हा स्नॅपशॉट. -नो-स्नॅपशॉट-लोड म्हणजे जपलेली स्थिती वापरू नकोस, फोन बंद अवस्थेतून चालू केल्यासारखा सुरू हो. बंद होताना मात्र नवी स्थिती जपून ठेव. -नो-स्नॅपशॉट-सेव्ह म्हणजे जपलेल्या स्थितीतून सुरू हो, पण आज जे घडेल ते जपू नकोस. -नो-स्नॅपशॉट म्हणजे दोन्ही नको.

या तिन्हींत तुमची आधीपासूनची अ‍ॅप, लॉगिन, फोटो तसेच राहतात. -नो-स्नॅपशॉट-लोड आणि -नो-स्नॅपशॉटमध्ये फक्त फोन बंद करून चालू झालेला असतो. -वाइप-डेटा ही वेगळी गोष्ट आहे. ती आभासी फोन फॅक्टरी रीसेट करते. बसवलेली अ‍ॅप गेली, आतला डेटाबेस गेला, आणि विचारणा न करता गेला.

काही वर्षांपूर्वी महापे इथल्या एका ऑफिसात मी अ‍ॅप दाखवायला गेलो होतो. आदल्या रात्री लॉगिनची चूक दुरुस्त केली होती, पण एम्युलेटर उठला तो चार दिवसांपूर्वीच्या स्नॅपशॉटमधून. जुनं लॉगिन मेमरीत जिवंत, जुनी अ‍ॅप पडद्यावर उघडी, आणि समोर बसलेल्यांना तीच चूक पुन्हा दिसली. सोबत रात्र जागलेल्या दोन सहकाऱ्यांची मेहनत त्या अर्ध्या तासात कुणाला दिसलीच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून कुणाला काही दाखवायचं असेल तर -नो-स्नॅपशॉट लावल्याशिवाय मी एम्युलेटर उघडत नाही. सुरू व्हायला मिनिटभर जास्त लागतं, ते लागू द्या.

-वाइप-डेटासाठी वेगळा एव्हीडी ठेवा, नाव स्पष्ट द्या, उदाहरणार्थ कोरा_फोन. रोजच्या एव्हीडीवर तो पर्याय कधीच लिहायचा नाही असं ठरवून टाका.

गाडीत मध्येच नेट जातं तेव्हा आमची अ‍ॅप अडकते. ते घरी बसून कसं तपासू?

हा प्रश्न विचारणारा मुलगा डोंबिवलीहून लोकलने येतो. नेट गेलं की त्याच्या अ‍ॅपमधलं गोल चक्र फिरत राहायचं आणि नेट परत आल्यावरही थांबायचं नाही. आपल्याकडे अ‍ॅप वापरणाऱ्यांतले कितीतरी जण गाडीत उभं राहून वापरतात, म्हणून ही तपासणी चैन समजू नका.

एम्युलेटर -एव्हीडी पिक्सेल_६_एपीआय_३३ -नेटस्पीड एज -नेटडीले एज

नेटस्पीड डेटाचा वेग बांधतो, नेटडीले प्रत्येक देवाणघेवाणीला उशीर लावतो. ‘एज’ आणि ‘जीएसएम’ ही जुन्या, संथ मोबाइल नेटची नावं. ‘एज’ दिलं की वेग सेकंदाला ४७३.६ किलोबिटवर येतो आणि उशीर ८० ते ४०० मिलिसेकंदांच्या दरम्यान राहतो. ‘जीएसएम’ दिलं तर वेग अवघा १४.४ किलोबिट आणि उशीर १५० ते ५५०. फरक जाणवत नसेल तर आभासी फोनमधलं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तपासा.

अशा वेळी मात्र नेट हळू होत नाही, जातंच. त्यासाठी एम्युलेटर चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमधून ‘एडीबी शेल एसव्हीसी डेटा डिसेबल’ आणि ‘एडीबी शेल एसव्हीसी वायफाय डिसेबल’ द्या, मिनिटभर थांबा, मग दोन्हींना ‘एनेबल’ द्या. नेट परत आल्यावर अ‍ॅप आपणहून सावरते का, हे बघायचं. त्या मुलाच्या अ‍ॅपमध्ये विनंतीला वेळेची मर्यादाच घातलेली नव्हती.

लोकेशन ठाण्याचं द्यायला गेलो, तर नकाशावर सगळीकडे पाणी.

आकडे उलटे पडले. चालू एम्युलेटरला स्थान असं देतात:

एडीबी एमु जिओ फिक्स ७२.९७ १९.२०

आधी रेखांश, मग अक्षांश. आपल्याला शाळेपासून अक्षांश आधी म्हणायची सवय, नकाशाच्या वेबसाइटही तसंच देतात, म्हणून हात तसाच जातो. उलटं लिहिलं की ७२.९७ हा अक्षांश होतो आणि तुमचा फोन नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो. वाशीसाठी ७३.०० १९.०८ चालेल.

ऑफिसातून घरी आलो की एम्युलेटरमधलं नेट बंद. लॅपटॉपवर मात्र चालू.

एम्युलेटर सुरू होताना लॅपटॉपकडून डीएनएसचे, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते घेतो. झाकण मिटून तुम्ही ऐरोलीहून ठाण्याला आलात, नेटवर्क बदललं, पण आतला फोन जुन्याच पत्त्यांना विचारत बसतो. -नो-स्नॅपशॉट-लोड लावून पुन्हा सुरू करा. तरी अडलं तर -डीएनएस-सर्व्हर ८.८.८.८ जोडा.

वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या काही ऑफिसांत प्रॉक्सीमधूनच, म्हणजे ऑफिसच्या मधल्या सर्व्हरमधूनच, नेट मिळतं. तिथे -एचटीटीपी-प्रॉक्सी लिहून पुढे पत्ता आणि पोर्ट द्यायचा. प्रॉक्सीला पासवर्ड लागत असेल तर तो कमांडमध्ये लिहिताना लक्षात ठेवा, टर्मिनलच्या इतिहासात तो उघडा राहतो.

माझ्या लॅपटॉपवरचा सर्व्हर एम्युलेटरमधून लोकलहोस्टने का सापडत नाही?

आभासी फोनसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो फोन स्वतः. लॅपटॉपला गाठायचं तर पत्ता १०.०.२.२. पोर्ट तुमचा तोच.

दोन फोन एकदम चालवायचेत, चॅट तपासायला.

दोन वेगळे एव्हीडी असतील तर दोन टर्मिनल उघडा आणि दोन्ही सुरू करा. पहिल्याला पोर्ट ५५५४ मिळतो, दुसऱ्याला ५५५६. सम आकडा कन्सोलचा, त्यापुढचा विषम आकडा एडीबीचा. ‘एडीबी डिव्हाइसेस’ म्हटलं की एम्युलेटर-५५५४ आणि एम्युलेटर-५५५६ अशी नावं दिसतात. त्यानंतर प्रत्येक एडीबी कमांडला -एस लावून कोणत्या फोनशी बोलताय ते सांगावं लागतं. आकडे दरवेळी तेच हवे असतील तर -पोर्ट ५५५४ असं स्वतः द्या.

एकच एव्हीडी दोनदा उघडायचा असेल तर दोन्हीकडे -रीड-ओन्ली लावा. त्यात केलेलं काही जपलं जात नाही.

एकच एम्युलेटर उघडा आहे, तरी ‘आधीच चालू आहे’ म्हणतो.

आधीचा कोसळला आणि कुलूप मागे राहिलं. टास्क मॅनेजरमध्ये क्यूईएमयू नावाची प्रक्रिया (हेच एम्युलेटरचं आतलं इंजिन) उरली असेल तर ती संपवा. नंतर त्या एव्हीडीच्या फोल्डरमधल्या ‘लॉक’ शेपटीच्या फाइली काढा. हे फोल्डर होममधल्या डॉट-अँड्रॉइडच्या आत एव्हीडीमध्ये असतं. बाकी काही पुसू नका. हे टाळायचं तर ‘एडीबी -एस एम्युलेटर-५५५४ एमु किल’ देऊन व्यवस्थित बंद करत जा.

वडापावच्या गाडीवरचा क्यूआर कोड एम्युलेटरने स्कॅन होईल का?

होईल. आधी ‘एम्युलेटर -वेबकॅम-लिस्ट’ने कॅमेऱ्याचं नाव बघा, मग -कॅमेरा-बॅक वेबकॅम० असं द्या. कोडचा फोटो मोबाइलवर काढून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरा.

मराठी मजकूर एम्युलेटरवर नीट दिसतो, तेवढं पुरे का?

पुरे नाही, आणि यावर मी आग्रही आहे. एम्युलेटरच्या सिस्टीम इमेजमध्ये नोटो देवनागरी फॉन्ट असतो. बाजारातल्या फोनमध्ये कंपन्या स्वतःचे फॉन्ट घालतात. ‘र्‍या’, ‘ळ’, ‘श्च’, रफार आणि वेलांटी एकत्र येणारे शब्द तिथे वेगळे दिसू शकतात, ओळीची उंची बदलते, वरची मात्रा कापली जाते. एम्युलेटरवर भाषा मराठी करून, अक्षर मोठं करून तपासाच. पण प्रकाशित करण्याआधी घरातल्या थोरांच्या फोनवर एकदा अ‍ॅप टाका आणि त्यांना वाचायला सांगा.

चाचणी आपोआप चालवणाऱ्यांसाठी: ‘एडीबी शेल इनपुट टेक्स्ट’ला देवनागरी अक्षरं जमत नाहीत. मराठी मजकूर चाचणीच्या कोडमधून भरावा लागतो.

सर्व्हरवर पडदाच नाही. तिथे कसा चालवायचा?

-नो-विंडो, -नो-ऑडिओ, -नो-बूट-ॲनिम, -नो-स्नॅपशॉट आणि -जीपीयू स्विफ्टशेडर_इनडायरेक्ट. ‘एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस’वर मात्र विसंबू नका. एडीबीशी जोडणी झाली की ते मोकळं होतं, फोन अजून उठत असतो. ‘एडीबी शेल गेटप्रॉप सिस.बूट_कम्प्लिटेड’ हे दर काही सेकंदांनी विचारा, उत्तर १ आलं की चाचण्या सुरू करा. सर्व्हर बहुधा वेगळ्या वेळेवर चालतो, म्हणून -टाइमझोन एशिया/कोलकाता हेही द्या. नाहीतर तारखेच्या चाचण्या रात्री साडेपाच तासांनी घसरतात.

पर्यायांची पूर्ण यादी कुठे?

‘एम्युलेटर -हेल्प’. एकाच पर्यायाबद्दल हवं असेल तर हेल्पला तो जोडा, उदाहरणार्थ ‘-हेल्प-नेटस्पीड’. -क्यूईएमयू हा पर्याय वापरलात तर तो शेवटी ठेवा, त्याच्या पुढचं सगळं थेट आतल्या इंजिनाकडे जातं.

सगळं करून पाहिलं, तरी उघडत नाही. रविवारी येताना काय आणू?

तीन गोष्टी एका टेक्स्ट फाइलमध्ये: ‘एम्युलेटर -व्हर्जन’चं उत्तर, -ॲक्सेल-चेकचं उत्तर, आणि तुमच्या नेहमीच्या कमांडला -व्हर्बोज जोडून आलेला पूर्ण मजकूर. पडद्याचा फोटो नको, त्यात नेमकी कामाची ओळ वर सरकून गेलेली असते. आणि लॅपटॉपचा चार्जर आणा, हॉलमध्ये प्लग चारच आहेत, पण एक्स्टेन्शन बोर्ड मी आणतो.